दुःख कोणी गावे?

आनंदाची गीते आपण महिनाभर गुणगुणतो आणि विसरून जातो. दुःखाचे एखादे गीत मात्र चाळीस-चाळीस वर्षे सांभाळून ठेवतो. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त करुण हाच मूळ रस मानून इतर रसांना त्याची रूपे म्हटले, ते पंडितांना पूर्णतः मान्य झाले नसेल. पण घरोघरच्या श्रोत्यांनी त्याला केव्हाच कौल दिलेला आहे. चित्रपटसंगीत हे कितीही बाजारी म्हणून हिणवले गेले, तरी आपल्या काळातील शोक, विरह आणि ताटातूट यांना शब्द व सूर पुरविण्याचे काम त्याने केले, हे नाकारता येणार नाही.

हे काम ते कसे करते? 'करुण रागांच्या योगाने', असे उत्तर बहुधा मिळते. ते अर्धेच खरे आहे. शिवरंजनी हा राग करुणरसाचा म्हणून प्रसिद्ध. 'मेरा नाम जोकर' (१९७०) मधील मुकेशचे गतकाळाच्या आठवणींचे गीत शंकर-जयकिशन यांनी याच रागाच्या आधारे बांधले. परंतु त्याच संगीतकारांनी चारच वर्षांपूर्वी 'सूरज' (१९६६) साठी, महंमद रफींच्या स्वरात, प्रियेच्या स्वागताचे एक गीत याच रागावर रचले होते. आणि पुढे कित्येक वर्षे वरातीतील बँडवाल्यांनी ते वाजवून नवरदेवांना मांडवापर्यंत पोहोचविले! स्वर तेच, पण एकीकडे वियोग, दुसरीकडे वरात. तेव्हा दुःख केवळ कोमल गंधारात नसते. लय, कंठ, वाद्यमेळ, आणि मुख्य म्हणजे ते गाणे कोण कोणासाठी गात आहे, यांवर सारे अवलंबून असते.

या शेवटच्या मुद्द्यासाठी बिमल रॉय यांच्या 'बंदिनी'कडे (१९६३) पाहावे. पूर्वी तुरुंगाधिकारी असलेल्या 'जरासंध' या बंगाली लेखकाच्या 'तामसी' कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला. खुनाच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगणाऱ्या कल्याणीची भूमिका नूतन यांनी केली. आपल्या शोभना समर्थांची ही कन्या, याचा मराठी प्रेक्षकांना विशेष अभिमान! संगीत सचिनदेव बर्मन यांचे, आणि आम्ही ज्या तीन गीतांविषयी लिहीत आहोत, त्यांचे शब्द शैलेंद्रांचे.

पहिले गीत कल्याणी वडिलांचे घर सोडून निघते तेव्हाचे. लोकापवादाने पोळलेली ही मुलगी निरोपही न घेता चालू लागते आणि मुकेशचा स्वर तिला परत येण्याविषयी विनवितो. या स्वरात ताना-मुरक्यांची कलाकुसर नाही. जणू गावची वाटच बोलते आहे, असा तो सरळ, थोडासा जड आवाज. ज्या गावाने तिला जाऊ दिले, त्याचीच हाक तिच्या पाठीशी येते, आणि प्रसंगाची व्यथा दुणावते.

दुसरे गीत तुरुंगातले. दळण दळणारी एक कैदी स्त्री वडिलांना विनविते आहे, की यंदाच्या श्रावणात भावाला मला न्यावयास पाठवा. आशा भोसले यांनी गायिलेल्या या गीताची चाल उत्तरेकडील लोकगीताच्या वळणाची आहे. तथापि जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली, पंचमीला मुराळ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या सासुरवाशिणी ज्यांनी पाहिल्या, त्यांना ते परके कसे वाटावे? माळव्यात, ग्वाल्हेरीस किंवा बडोद्यास दिलेल्या आमच्या कितीतरी लेकीबाळींची माहेरे दोन-दोन दिवसांच्या प्रवासावर होती. मुराळी येणार तो पत्र पाठवून, आणि पुष्कळदा पत्रच येई. इथे तर सासर म्हणजे तुरुंगाची भिंत. गाणारी एक आहे, पण ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे स्वतःचे अंगण उभे राहते.

तिसरे गीत अखेरीचे, नदीच्या घाटावरचे, आणि ते स्वतः बर्मनदादांनी गायिले आहे. त्याचा घाट पूर्व बंगालच्या भटियालीचा. ओहोटीच्या प्रवाहाबरोबर नाव आपसूक वाहत असते, वल्हे मारण्याची घाई नसते, म्हणून नावाड्याचा स्वर लांबत जातो. ती ही भटियाली. बर्मनांचा जन्म १९०६ साली कोमिल्ल्याचा. १९४७ मध्ये ते गाव पाकिस्तानात गेले आणि १९७१ पासून बांगला देशात आहे. पैलतीराची ही हाक त्यांनी दुसऱ्या कोणाच्या कंठी दिली नाही, यात आम्हांस नवल वाटत नाही. एका बाजूस नव्या सुखाकडे नेणारी आगगाडी, दुसऱ्या बाजूस आजारी विकासला नेणारी आगबोट. मध्ये कल्याणी, आणि तिला ओढणारा तो स्वर.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या तिन्हींपैकी एकही गीत कल्याणीच्या तोंडी नाही! तिच्या तोंडची दोन गीते लताबाईंनी गायिली, ती प्रीतीच्या उमलत्या दिवसांची. सुखात ती स्वतः गाते. दुःखात मात्र ती गप्प राहते आणि गाव, सोबतीण व नावाडी तिच्यासाठी गातात. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भात आणून ठेवतात. 'बंदिनी'तील गीतांनी तेच शेजारधर्माचे काम केले आहे.

याचा अर्थ दुःखिताने स्वतः गाऊच नये, असा नव्हे. मदनमोहन यांनी 'अनपढ' (१९६२) किंवा 'वह कौन थी' (१९६४) मध्ये नायिकेची व्यथा तिच्याच तोंडी, लताबाईंच्या स्वरात, घातली आणि ती अजोड ठरली. १९७५ साली ते निवर्तले. त्यांच्या न वापरलेल्या चाली पुढे २००४ च्या 'वीर-झारा'त आल्या, आणि पंचाहत्तरीला टेकलेल्या लताबाईंनी त्या गायिल्या. संगीतकार नाही, पण चाल आहे आणि ती जिच्यासाठी सुचावी तो कंठही आहे! इंदूरला १९२९ मध्ये जन्मलेला तो कंठही २०२२ साली निमाला.

आम्हां दूरदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत 'गावाकडचे' माणूस गेल्याची वार्ता पुष्कळदा उशिरा येई. अंत्यदर्शन होत नसे, रडावयासही चार आपली माणसे जवळ नसत. अशा घरांतून रात्री रेडिओ मंद आवाजात लावून कोणी आजी किंवा काकू डोळे पुसत बसली असेल, तर ती चित्रपटाच्या नायिकेसाठी रडत होती, असे समजू नये. तिचे रडणे तिचेच होते. परक्या भाषेतील, परक्या बाईचे ते गाणे तिच्या दाराशी आले होते, इतकेच. शेजारणीने झाकून आणलेल्या ताटासारखे.