जिवंत मुद्देमाल

वन्यप्राण्यांच्या विषयावर एखाद्या प्राणिशास्त्रज्ञाने किंवा निदान शिकाऱ्याने बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही दोहोंपैकी कोणीच नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि जे काही वाचले ते कामाच्या पाळ्या सांभाळून वाचले. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. कायदा पुस्तकात असणे आणि तो जागेवर चालणे यांत किती अंतर असते, हे 1948 च्या कारखाने कायद्याने आम्हांला चांगले शिकविले आहे. रानातल्या कायद्याची कथा फार निराळी नाही. फरक एवढाच, की तेथे फिर्यादीला बोलता येत नाही.

प्रथम कायदा पाहू. मुंबई राज्याने 1951 साली वन्य पशू आणि वन्य पक्षी यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यापूर्वी 1912 चा इंग्रजी अमदानीतील कायदा होता, पण त्यात शिकारीचा हंगाम सांभाळण्याचीच काळजी अधिक. त्या काळी हा विषय घटनेने राज्यांकडे दिलेला होता. म्हणून सबंध देशाला एक कायदा हवा, तर आधी राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव करावे लागले. त्यांतून 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम जन्मला. पुढे 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने हा विषय केंद्र व राज्य या दोघांच्या समाईक सूचीत गेला. त्याच दुरुस्तीने वने व वन्यजीव यांचे रक्षण करणे हे राज्याचे धोरण ठरले आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरले.

या कायद्याची मांडणी सोपी आहे. प्राण्यांच्या याद्या केल्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. 2022 च्या दुरुस्तीने त्या सहाच्या चार झाल्या, आणि 1 एप्रिल 2023 पासून त्या अमलात आल्या. पहिल्या अनुसूचीत वाघ, बिबट्या, खवले मांजर अशी मंडळी आहेत. त्यांच्या शिकारीला किमान 3 व कमाल 7 वर्षे कैद, आणि किमान 25 हजार रुपये दंड. पण शिक्षेहूनही महत्त्वाची अशी दोन कलमे आहेत. कलम 39 सांगते, की बेकायदा मारलेला वा धरलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता होय. कलम 57 सांगते, की ज्याच्यापाशी असा प्राणी किंवा त्याचे कातडे, नख, दात सापडेल, त्याने तो कायदेशीरपणे आपल्याजवळ आहे हे स्वतः सिद्ध करावयाचे. एरवी गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकारवर असतो. येथे तो बाळगणाऱ्यावर येतो. दिवाणखान्यात आजोबांच्या काळातले कातडे आहे, एवढे सांगून भागत नाही.

आता हा कायदा चालवितो कोण? सर्वांत खाली वनरक्षक. त्याच्या ताब्यात एक नियतक्षेत्र असते. अशी काही नियतक्षेत्रे मिळून वनपालाचे परिमंडळ होते, आणि परिमंडळे मिळून वनक्षेत्रपालाचे परिक्षेत्र. त्यावर सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक अशी शिडी जाते. रानात फासा सापडला, तारेत वीज सोडून रानडुक्कर मारलेले आढळले, किंवा एखाद्याच्या पिशवीत घोरपड मिळाली, की वनरक्षक प्राथमिक गुन्हा नोंदवितो. पंच बोलावून पंचनामा होतो, सापडलेली वस्तू मोहोरबंद होते आणि आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेतात. झडतीचा व अटकेचा अधिकार कलम 50 ने वन खात्याला दिला आहे, तसाच फौजदाराच्या दर्जाच्या पोलिसालाही. सहायक वनसंरक्षकाने आरोपीसमक्ष नोंदविलेली साक्ष पुढे खटल्यात ग्राह्य धरता येते. मांस किंवा केस कोणाचे हा वाद पडला, तर नमुना डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेकडे जातो आणि जनुकांच्या तपासणीवरून प्राणी ओळखला जातो.

येथवर सारे चोरीच्या खटल्यासारखेच आहे. परंतु चोरीचा हंडा पोलिस ठाण्याच्या कोठडीत पाच वर्षे पडून राहिला, तरी त्याचे काही बिघडत नाही. येथे मुद्देमाल श्वास घेतो. त्याला भूक लागते, तो आजारी पडतो, माणसाळतो आणि मरतो. जप्त झालेल्या जनावराचे करावयाचे काय, हा या कायद्याचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. आणि वर्तमानपत्रात जप्तीचे छायाचित्र छापून आल्यावर त्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

आपल्या ओळखीच्या पोपटापासून सुरुवात करू. देशी पोपट धरणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. 1990-91 पासून देशी पक्ष्यांचा सारा व्यापार बंद आहे, तरीही शहरांच्या पक्षीबाजारांतून पोपट मिळतो. झाडांच्या ढोलींतून पिले काढतात, कोंबून पिंजऱ्यात भरतात, आणि उडू नयेत म्हणून पंखांची पिसे कातरतात. छापा पडला, पन्नास पिले हाती आली, की पाहणाऱ्याला वाटते, उघडा पिंजरा आणि सोडा. पण कातरलेले पीस लगेच वाढत नाही. पक्षी पिसे टाकतो त्या हंगामात त्या जागी नवे येते, म्हणजे काही महिने वाट पाहणे आले. जे पिलू माणसाच्या हातून भरविलेले आहे, त्याला रानातले खाणे शोधता येत नाही, आणि मांजराची भीतीही वाटत नाही. त्याला मोठ्या जाळीच्या खोलीत उडायला शिकवावे लागते, आपल्या जातीच्या थव्यात मिसळावे लागते. सोडणे ही शेवटची पायरी आहे.

दुसरे उदाहरण चांदणी कासवाचे. त्याच्या पाठीवर पिवळ्या रेषांची चांदण्यांसारखी नक्षी असते आणि तीच त्याच्या मुळावर आली. घरात ठेवल्याने भरभराट होते, या समजुतीने ते येथे विकले जाते, आणि त्याहून अधिक संख्येने परदेशी जाते. पाय चिकटपट्टीने बांधून, कपड्यांत गुंडाळून, बॅगेत भरलेली कासवे विमानतळांवर पुनःपुन्हा सापडतात. 2019 साली आंतरराष्ट्रीय करारानेही त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी घातली. आता ही कासवे सोडावी कोठे? ही जात भारतात एकीकडे गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर आणि दुसरीकडे आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू या भागांत राहते. मुंबईत पकडलेले कासव यांपैकी कोठले, हे बॅगवाला सांगत नाही. चुकीच्या मुलखात सोडले तर दोन वेगळ्या वंशांची सरमिसळ होते, आणि गर्दीत जडलेला रोग तेथल्या निरोगी कासवांना लागतो. म्हणून आधी वेगळे ठेवणे, तपासणे, वंश ओळखणे आणि मग त्याच्या मुलखी धाडणे, असा क्रम असतो. यास वेळ लागतो आणि पैसाही लागतो.

खवले मांजराची अडचण उलटी. ते मुंग्या आणि वाळवी खाऊन जगते. पिंजऱ्यात ते क्वचितच टिकते. त्याची खवले म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याची बनलेली, औषधी गुण शून्य. तरी परदेशच्या बाजारासाठी ते कोकणातून आणि अन्य रानांतून धरले जाते. येथे उशीर म्हणजे मरण. छायाचित्रे घ्यावी, माप व वजन नोंदवावे, जनुकांचा नमुना काढावा, आणि न्यायालयाची व मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी तातडीने घेऊन जनावर रानात पोहोचवावे, हाच मार्ग. पुराव्यासाठी जनावर अडकवून ठेवणे म्हणजे पुरावाही घालविणे आणि जनावरही.

मांडुळाची गोष्ट आणखी निराळी. शेपूट बोथट, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. हा बिनविषारी, उंदीर खाणारा, शेतकऱ्याचा मित्र. परंतु गुप्तधन दाखवितो या भोळ्या समजुतीवर त्याची किंमत वजनावर सांगितली जाते, आणि एक दलाल दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला फसवीत जातो. पुष्कळदा शेवटी गिऱ्हाईक नसतेच. घोरपडीच्या अवयवाला ‘हत्थाजोडी’ नावाचे मुळी म्हणून देवघरात विकणारेही याच जातीचे. येथे कायद्याइतकेच काम शाळामास्तरांचे आहे.

जनावर हलविणे हे किती जोखमीचे काम असते, ते जुन्नरने दाखविले. 2001 ते 2003 च्या सुमारास त्या भागात बिबट्यांचे माणसांवर हल्ले वाढले. त्याआधीच्या काळात वस्तीजवळचे बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्याचा परिपाठ होता. पुढे अभ्यासकांनी नोंदी तपासल्या आणि 2011 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले, की जेथे हे बिबटे सोडले त्या भागात हल्ले वाढले. परक्या मुलखात टाकलेले जनावर बिथरते आणि आपल्या मुलखाकडे चालू लागते. जुन्नरजवळ माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र, नागपूरचे प्राण्यांवरील उपचारांचे केंद्र, या संस्थांचे मोल यातून कळावे.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे वळू. पकडला जातो कोण? बहुधा फासा लावणारा, पिशवी वाहणारा, गाडीत खोके घेऊन बसलेला. ज्याच्या हाती थोडे पैसे पडतात, तो कैदेत जातो. ज्याच्या तिजोरीत मोठी रक्कम पडते, त्याचे नाव कोणी घेत नाही. संसारचंद या व्यापाऱ्याचे प्रकरण पाहा. 1974 साली तो शेकडो कातड्यांसह प्रथम सापडला. त्यानंतर त्याच्यावर खटल्यांमागून खटले झाले आणि धंदा चालूच राहिला. जानेवारी 2003 मध्ये चेतक एक्सप्रेसने जाणारा एक माणूस भिलवाड्यास बिबट्याच्या कातड्यांसह सापडला. त्या धाग्यावरून तपास वर चढला. 2004 साली अजमेरच्या न्यायालयाने संसारचंदला 5 वर्षांची शिक्षा दिली, आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पहिल्या अटकेपासून शेवटच्या निकालापर्यंत 36 वर्षे! मधल्या काळात, 2004-05 मध्ये, राजस्थानातील सरिस्काच्या रानातून वाघ नाहीसे झाले होते. त्या धक्क्यानंतर 2006 च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि वन्यजीव गुन्ह्यांचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. कडकपणाचे फळ दिसते: महाराष्ट्रात 2006 च्या गणनेत वाघ 103 होते, 2022 च्या गणनेत 444.

परंतु केवळ कडकपणा पुरत नाही. फासेपारध्यांवर 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा गेला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. ज्यांचा पिढीजात धंदा कायद्याने एका दिवसात गुन्हा ठरविला, त्यांच्या चुलीचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे. त्याची दोन चांगली उत्तरे आपल्या देशात मिळाली आहेत.

पहिले अस्वलांचे. 1972 नंतरही दरवेशी कलंदर नाकात दोरी ओवलेले अस्वल नाचवीत फिरत होते. नुसती अस्वले हिसकावून घेतली असती, तर त्यांनी दुसरी पिले आणली असती. स्वयंसेवी संस्थांनी आग्र्यास अस्वलांसाठी निवारा उभारला, आणि अस्वल सोपविणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी साहाय्य व मुलांना शाळा दिली. 2009 च्या अखेरीस रस्त्यावर नाचणारे शेवटचे अस्वल ताब्यात आले. शतकांची चाल अशी मोडली.

दुसरे उत्तर तामिळनाडूच्या इरुळा जमातीचे. हे लोक कातड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी साप धरीत. 1976 साली सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली आणि ते उघड्यावर पडले. 1978 साली त्यांची सहकारी संस्था निघाली. आता ते परवान्याने नाग, मण्यार, घोणस, फुरसे धरतात, काही आठवडे ठेवून विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. मारण्याचे कसब होते तेच जीव वाचविण्याच्या कामी आले, आणि संस्थेचे मालक ते स्वतः आहेत. कायद्याने एका हाताने घेतले तर दुसऱ्या हाताने काय द्यावे, याचा हा धडा आहे.

आणि पहारेकऱ्याचेही बोलले पाहिजे. संरक्षण कुटीत राहून रात्रीची गस्त घालणारे पुष्कळसे वनमजूर हंगामी असतात. एका विभागातील असे मजूर आमच्याकडे आले, तेव्हा थकलेल्या मजुरीच्या आधी त्यांनी विजेरीच्या सेलांची तक्रार मांडली. ते त्यांना पदरमोड करून घ्यावे लागत. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात गणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. 11 सप्टेंबरला आपण वनहुतात्म्यांचा दिवस पाळतो. त्या दिवशी पुष्पचक्र वाहणे योग्यच. पण पहारेकऱ्याला वेळेवर पगार, पायांत बूट आणि दुखापतीचा विमा देणे हा त्याहून खरा मान होय. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाकडून लाच नाकारण्याची अपेक्षा धरणे सोपे असते, आणि ती अपेक्षा बव्हंशी पुरीही होते, हे त्या माणसांचे थोरपण.

आपण शहरातली माणसे काय करू शकतो? पहिले, विकत घेऊ नये. गिऱ्हाईक उठले की बाजार बसतो. दुसरे, पोपट-कासव दयेपोटी विकत घेऊन सोडू नये. त्याने विक्रेत्याचा धंदाच चालतो, आणि जनावर बहुधा मरते. तिसरे, दिसेल ते कळवावे. राज्याच्या वन खात्याचा 1926 हा क्रमांक त्याचसाठी आहे. आपल्या घरात मालकीचे प्रमाणपत्र असलेला वन्यप्राणी असेल, तर 2022 च्या दुरुस्तीने तो स्वेच्छेने खात्याच्या स्वाधीन करण्याची वाट ठेवली आहे. आणि कोणी दाद घेत नसेल, तर कलम 55 प्रमाणे 60 दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकाला थेट न्यायालयात फिर्याद करता येते. कारखान्यात हा हक्क कामगाराला मिळविण्यासाठी किती झगडावे लागते, ते आम्ही जाणतो. येथे तो तुम्हांला कायद्याने आयता दिला आहे. तो वापरावा, एवढीच विनंती.