झाडावरची छत्री खावी का?

पावसाची झड लागली, की पडलेल्या ओंडक्यांना अन् जुन्या बुंध्यांना छत्र्या फुटतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडं राहणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. सात्या वारुळावर येतात, लाकडावर येते ती धिंगरी. शिंपल्याच्या आकाराची, एकावर एक थर, देठ आखूड अन् एका बाजूला.

पण 'जमिनीवरची विषारी, झाडावरची चालते' हा समज साफ चुकीचा. गॅलेरिना नावाची छोटी तपकिरी छत्री सडक्या लाकडावरच वाढते अन् यकृत निकामी करते. जपानमध्ये लाकडावरचीच एक पांढरी छत्री लोक वर्षानुवर्षं आवडीनं खात होते. २००४ मध्ये तीच खाऊन १७ जण दगावले. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना तिचा फटका जास्त बसला.

चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे खातात का, असल्या परीक्षांवर विसंबू नका. शिजवूनही गॅलेरिनाचं विष जात नाही. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मध्येच बरं वाटतं, अन् मग यकृत बिघडतं. म्हणून बरं वाटलं तरी दवाखाना गाठाच. उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या.

मग धिंगरी खायचीच नाही का? खा की, पण घरी पिकवून! सोयाबीनचं कुटार आपल्याकडं ढिगानं असतं. ते रात्रभर भिजवायचं, तासभर कढत पाण्यात ठेवायचं अन् मुठीत दाबलं तर पाणी ठिबकणार नाही इतकं निथळायचं. गार झालं, की प्लॅस्टिकच्या पिशवीत कुटाराचा थर, धिंगरीचं बियाणं, परत थर. पिशवीला भोकं पाडून अंधाऱ्या खोलीत ठेवली, की साधारण तीन आठवड्यांत ती पांढरीफट होते. मग पिशवी कापून काढा अन् रोज पाणी फवारा. उन्हाळ्यात मात्र या भानगडीत पडू नका, आपल्याकडचं ऊन तिला सोसत नाही. तोडताना तोंडाला रुमाल बांधा, तिच्या बारीक भुकटीनं खोकला लागतो. बियाण्याची चौकशी बुलढाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात करा.

भाजी करताना कांदा-लसूण परतून घ्या अन् वरून पाणी घालू नका. धिंगरी स्वतःच भरपूर पाणी सोडते.