परदेशी शिक्षण आणि आरोग्य विमा

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. आज भिवापूर तालुक्यातील आपल्या मुलामुलींनी तशी उमेद धरताना विम्याचा खर्चही आधीच धरावा, असे आम्हास वाटते. साधा प्रवासी विमा येथे पुरत नाही.

ब्रिटनने एप्रिल २०१५ पासून आरोग्य अधिभार लावला. विद्यार्थ्यास तो वर्षाला ७७६ पौंड पडतो. एका वर्षाच्या एम.ए.साठी व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा असतो. म्हणून दीड वर्षाचे ११६४ पौंड अर्जाबरोबरच एकरकमी भरावे लागतात. (व्हिसा नाकारल्यास परत मिळतात.) शिष्यवृत्तीचा पैसा तोवर हाती येईलच असे नाही! जर्मनीत तिशीच्या आतील विद्यार्थ्यास तेथील सार्वजनिक विमा सवलतीत मिळतो.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत विम्याच्या हप्त्याची तरतूद आहे. इतर शिष्यवृत्तीत ती आहे का, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे.