उंदराचं मरण, सापाचं जेवण

अमेरिकेत घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सापांत बॉल पायथनचा क्रमांक बराच वर लागतो. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांतला हा अजगर बिनविषारी, अंगाने जाडसर आणि स्वभावाने बुजरा. घाबरला की डोकं वेटोळ्यात दडवून चेंडू होतो, म्हणून हे नाव. नीट सांभाळला तर तो वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. पूर्ण वाढलेल्या सापाला बारा-चौदा दिवसांनी एक उंदीर लागतो असं धरलं, तर वर्षाला २६ ते ३० उंदीर होतात आणि पंचवीस वर्षांचा हिशेब साडेसहाशे ते साडेसातशेवर जातो. एक साप घरात आणणारा माणूस एवढ्या मरणांची जबाबदारी त्याच दिवशी अंगावर घेतो.

यातून पळवाट नाही. नागपंचमीला दुधाची वाटी पुढे ठेवली तरी साप हा शुद्ध मांसाहारीच. कुत्र्याला भात-पोळीची सवय लावता येते, सापाला नाही. शिवाय त्याला नुसतं मांस पुरत नाही. हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून जीवनसत्त्वं मिळावीत म्हणून त्याला अख्खा प्राणी लागतो. अलीकडे अख्खे प्राणी दळून केलेले सॉसेजसारखे तुकडे बाजारात आले आहेत, पण बहुतेक पाळीव सापांच्या पोटात आजही उंदीरच जातो.

हा उंदीर मिळवण्याचे दोन रस्ते आहेत. एक, गोठवलेले उंदीर विकत आणणं. पाश्चात्त्य देशांत हा मोठा व्यवसाय आहे. नुकत्याच जन्मलेल्या, केस न फुटलेल्या पिल्लाला ‘पिंकी’, लव आलेल्याला ‘फझी’, उड्या मारू लागलेल्याला ‘हॉपर’ अशा आकारवार नावांनी पाकिटं विकली जातात. दुसरा रस्ता, घरीच पैदास करणं. साप चार-पाच असले की पाकिटांचा आणि कुरिअरचा खर्च जड होतो. घरच्या उंदरांना काय खायला घातलं आणि कसं ठेवलं हेही ठाऊक असतं. पैदास अवघड नाहीच. माऊस जातीच्या छोट्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा. व्यायल्यावर दिवसभरात ती पुन्हा गाभण राहू शकते आणि तिची पिल्लं पाच-सहा आठवड्यांत वयात येतात. अवघड भाग त्यानंतर येतो. पाकीट घेणाऱ्यासाठी ते काम कुणीतरी आधीच केलेलं असतं. घरी पैदास करणाऱ्याला ते स्वतःच्या हाताने करावं लागतं.

जिवंत उंदीरच सापापुढे सोडला तर? हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो, आणि ‘निसर्गात असंच होतं’ हे उत्तरही तयार असतं. त्यात थोडं तथ्य आहे. अजगर भक्ष्याला गुदमरवून मारतो असं पूर्वी मानत. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भूल दिलेल्या रॅटना, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांना, बोआ सापाचा विळखा बसल्यावर रक्तदाब मोजला. अवघ्या सहा सेकंदांत धमनीतला दाब निम्म्यावर आला होता. म्हणजे श्वास कोंडण्याआधी रक्ताभिसरणच थांबतं.

पण हे विळखा नीट बसल्यानंतरचं. त्याआधीचा वेळ मोजायचा राहून जातो. रानात उंदराला पळायला जागा असते. काचेच्या पेटीत ती नसते, आणि साप भुकेला नसेल तर हा कोंडमारा तासन्‌तास चालतो. अशा वेळी उंदीरही गप्प बसत नाही. रात्रभर पेटीत राहिलेल्या रॅटने सापाची पाठ कण्यापर्यंत कुरतडल्याच्या केसेस सरीसृपांचे डॉक्टर नेहमी पाहतात. म्हणून डॉक्टर आणि अनुभवी पाळणारे आधीच मारलेला किंवा गोठवून पुन्हा कोमट केलेला उंदीरच द्यायला सांगतात. ब्रिटनमध्ये २००६ चा प्राणीकल्याण कायदा पाळीव प्राण्याला अनावश्यक यातना देणं हा गुन्हा मानतो, आणि तिथे खाद्य म्हणून पाळलेला उंदीरही ‘पाळीव’च. जर्मनीचा कायदा आणखी पुढे जातो: पाठीचा कणा असलेला प्राणी मारायचा असेल तर मारणाऱ्याकडे त्यासाठीचं ज्ञान आणि कौशल्य असलंच पाहिजे.

मग मारायचं कसं?

आजारी कुत्र्याला डॉक्टर पेंटोबार्बिटालचं इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप देतात. इथे ते चालत नाही. औषध उंदराच्या मांसात राहतं आणि ते मांस गिळणाऱ्या सापालाही मारू शकतं. त्यामुळे अंगात काही अंश न ठेवणारी पद्धत शोधावी लागते. या शोधात माणसं बहुधा एकच चूक करतात: आपल्या डोळ्यांना जे सौम्य दिसतं ते उंदरालाही सौम्य वाटत असेल असं धरून चालतात.

फ्रीजर हे त्याचं ठळक उदाहरण. डब्यात घालून दार लावलं की काही दिसत नाही, रक्त सांडत नाही, हात लावावा लागत नाही. ‘थंडीने गुंगी येऊन झोपेत जातो’ अशी समजूतही सोबतीला असते. शुद्धीवर असलेल्या, केस आलेल्या उंदरासाठी मात्र ही सावकाश आणि वेदनादायक प्रक्रिया आहे. देह हळूहळू गार पडत जातो आणि त्यातला बराच वेळ उंदीर जागा असतो. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशन १९६३ पासून प्राण्यांना वेदनारहित मरण देण्याबाबत मार्गदर्शिका काढते. जाग्या प्राण्याला गोठवणं तिच्या लेखी मान्य नाही. फ्रीजर हवा तो मेलेला उंदीर साठवायला.

दुसरी घरगुती युक्ती म्हणजे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. दोन्ही मिसळले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो नळीतून डब्यात सोडायचा. प्रयोगशाळांत उंदीर मारायला वापरतात तोच हा वायू असला तरी तो किती आणि कोणत्या वेगाने येतो यावर कसलाच ताबा राहत नाही. कमी पडला तर उंदीर अर्धवट गुंगीत जाऊन पुन्हा शुद्धीवर येतो. कोरड्या बर्फाचंही तेच, वर अंगाला चिकटला तर भाजल्यासारख्या जखमा. म्हणून मार्गदर्शिकेत सिलिंडरमधला शुद्ध वायू आणि त्यावर बसवलेलं प्रवाहमापक यंत्र यांचाच आग्रह आहे.

त्यातही प्रमाण सांभाळावं लागतं. २०२० च्या आवृत्तीनुसार दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के एवढा वायू सोडायचा. पेटी २० लिटरची असेल तर मिनिटाला ६ ते १४ लिटर. आधीच वायू भरून ठेवलेल्या पेटीत उंदीर टाकणं निषिद्ध आहे, कारण हा वायू नाका-डोळ्यांतल्या ओलाव्यात मिसळून आम्ल बनवतो आणि जास्त प्रमाणात तो झोंबतो. सोडा वॉटरचा मोठा घोट घेतल्यावर नाकात जे झणझणतं त्याचंच हे उग्र रूप. वायू हळूहळू वाढवला तर वेदना सुरू होण्याआधी उंदीर बेशुद्ध व्हावा, हा या आकड्यांमागचा विचार. श्वास थांबल्यावरही निदान एक मिनिट वायू चालू ठेवायचा, पेटीत गर्दी करायची नाही, आणि माणसानेही बंद खोलीत हे करायचं नाही, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो.

एवढं करूनही प्रश्न सुटत नाही. मोकळीक दिली तर रॅट साधारण १५ टक्के कार्बन डायऑक्साइडलाच पेटी सोडून बाहेर पडतात, म्हणजे शुद्ध हरपण्याच्या बरंच आधी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं की उंदरांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग या वायूमुळे वाढणारी आम्लता थेट ओळखतो आणि भीती जागी करतो. वेदना टळली तरी भीती टळते असं नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे फेब्रुवारी २००६ मध्ये याच विषयावर तज्ज्ञ जमले, आणि हा वायू पूर्णपणे निर्दोष मार्ग नाही हेच त्या चर्चेतून पुढे आलं. नायट्रोजन आणि अरगॉनही तपासून झाले आहेत. उंदीर त्यांच्यापासूनही पळतात. प्रयोगशाळा आधी भूल देऊन मग वायू सोडू शकतात, पण भुलीचं औषध अंगात राहतं आणि खाद्य-उंदराच्या बाबतीत तीच अडचण पुन्हा उभी राहते.

याउलट मानेचा मणका झटक्यात निखळवण्याची पद्धत पाहणाऱ्याला रानटी वाटते. हातातच प्राणी जातो, अंग झटके देतं, आणि बघणारा नजर फिरवतो. पण कसलेल्या हातांनी केली तर ती सर्वांत जलद पद्धतींपैकी एक आहे. रॅटच्या मेंदूतला विद्युत-व्यवहार त्यानंतर सुमारे १३ सेकंदांत संपतो. माऊस आणि २०० ग्रॅमपेक्षा हलक्या रॅटसाठी मार्गदर्शिका ती मान्य करते, तीही हात बसलेला असेल तरच. ही अट नावापुरती नाही. २०१२ सालच्या एका अभ्यासात साधारण पाचांतल्या एका माऊसचा श्वास पहिल्या प्रयत्नात लगेच थांबला नाही. प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ म्हणूनच आधी मृत किंवा भूल दिलेल्या प्राण्यांवर सराव करतात. व्हिडिओ पाहून थेट जिवंत उंदरावर हात आजमावणारा पाळणारा ही पायरीच गाळतो.

सर्वांत फसवी गोष्ट पिंकीची. बोटाच्या पेराएवढा, डोळे न उघडलेला, गुलाबी जीव. त्याला काय कळतंय, असं म्हणून अनेकजण त्याला नुसता फ्रीजरमध्ये ठेवतात किंवा मोठ्यांसोबत वायूच्या पेटीत टाकतात. नवजात पिल्लाला वेदना होत नाहीत ही समजूत आता मागे पडली आहे. वायूच्या बाबतीत तर निसर्गाने उलटाच डाव मांडलाय. गर्भात कमी ऑक्सिजनवर वाढलेलं पिल्लू जन्मानंतर काही दिवस प्राणवायूचा अभाव विलक्षण सोसतं. मोठा माऊस काही मिनिटांत मरतो त्या वायूत जन्मदिवसाचं पिल्लू मरायला ५० मिनिटांपर्यंत लागू शकतात. दहा मिनिटांनी निपचित दिसलेली पिल्लं बाहेर काढल्यावर पुन्हा श्वास घेऊ लागल्याचं प्रयोगशाळांनी पाहिलं आहे. त्यामुळे कोणतीही पद्धत वापरली तरी शेवटी मरण पडताळून पाहावं लागतं. श्वास नाही, हृदयाचा ठोका नाही, हे तपासायचं, आणि शंका राहिली तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची.

मग उंदीर थंड करून, हवाबंद पिशवीत, तारीख घालून फ्रीजरमध्ये जातो. माणसांच्या जेवणापासून दूर, कारण गोठवल्याने साल्मोनेला जिवाणू मरत नाही. २००८ ते २०१० या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत गोठवलेल्या खाद्य-उंदरांमधून माणसांना, विशेषतः लहान मुलांना, साल्मोनेलाची लागण झाली आणि अमेरिकेत माल परत मागवावा लागला. उंदीर मायक्रोवेव्हमध्ये नव्हे, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून वितळवायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात धरून कोमट करायचा. बॉल पायथनचे उष्णता ओळखणारे खळगे गार उंदराकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

भारतात हा छंद कायद्याने बराच आवळलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथले जंगली साप घरात ठेवता येत नाहीत. परदेशी सापांना मात्र महानगरांत गिऱ्हाईक आहे, आणि बँकॉकहून आलेल्या सामानात लपवलेले बॉल पायथन मुंबईच्या विमानतळावर पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात समाविष्ट असलेल्या जिवंत प्राण्यांची, त्यात बॉल पायथनही आला, नोंदणी करावी लागते. या सापांच्या पोटात जाणाऱ्या उंदराला वेगळं संरक्षण नसलं तरी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीवाला ‘प्राणी’ मानतो आणि अनावश्यक यातनांना मनाई करतो. साप न पाळणाऱ्या घरांनाही हा मुद्दा परका नाही. वाण्याकडे मिळणाऱ्या चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो, आणि त्याच कारणासाठी भारतीय पशु कल्याण मंडळाने राज्यांना या पुठ्ठ्यांविरुद्ध सूचना दिल्या आहेत.

पाश्चात्त्य देशांतले जाणते पाळणारे आता पद्धतीआधी पैदाशीचाच हिशेब करतात. नर वेगळा ठेवायचा आणि सापांच्या वेळापत्रकानुसारच माद्यांसोबत सोडायचा, म्हणजे नको असलेलं वेत होत नाही. मारायला सर्वांत अवघड असलेल्या पिंकींच्या वाटेला जायचंच नाही. कॉर्न स्नेकसारख्या छोट्या सापांच्या नवजात पिल्लांपुरत्या पिंकी गोठवलेल्या विकत आणायच्या, आणि घरचे उंदीर दूध सुटेपर्यंत वाढवायचे. साप मोठा होत जाईल तसं दर आठवड्याला चार छोट्या माऊसऐवजी पंधरवड्याला एक रॅट द्यायचा. आणि ज्याला मानेची पद्धत जमत नाही, त्याने सरीसृपांच्या डॉक्टरकडे जाऊन ती समोर उभं राहून शिकायची, किंवा पिंजरे रिकामे करून पाकिटाची सोय धरायची.