डक्ट साफ करायचा की ट्रे?

परळमध्ये गिरणीच्या जागेवर झालेल्या एका टॉवरमध्ये माझी धाकटी बहीण राहते. तिच्याकडचा डक्टेबल एसी बारा वर्षांनी बदलायचा ठरला. कोटेशन द्यायला आलेला माणूस जाता जाता म्हणाला, ‘‘ताई, मशीन उतरतंयच, तर डक्ट क्लीनिंगही उरकून टाका. आत किती घाण असते, कल्पना नाही तुम्हाला!’’ आकडा ऐकून तिने मला फोन केला.

गिरगाव-दादरच्या घरांत एसी असला तर तो सहसा स्प्लिट असतो आणि त्याला डक्टच नसतो. भिंतीतून जातात त्या तांब्याच्या नळ्या. त्यांत गॅस फिरतो, हवा नाही. डक्टचा, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्याचा, प्रश्न येतो तो फॉल्स सीलिंगवर मशीन दडवलेल्या घरांत. अमेरिकेत मात्र घर तापवणाऱ्या भट्टीला असे डक्ट सर्रास असतात, त्यामुळे हा वाद तिथे जुना. तिथली पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, सांगते की डक्ट नेमाने साफ करायची गरज नाही. त्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. आत बुरशी दिसली, उंदीर-झुरळांचा वावर असला किंवा कचरा साचून तुंबला, तरच साफ करा. कोरड्या पत्र्याला चिकटलेली धूळ बहुतेक तिथेच बसून राहते.

आता मुंबईत ‘कोरडा’ हा शब्द जपूनच वापरायला हवा. पावसाळ्यात इथला दवबिंदू 24-25 अंशांवर असतो आणि डक्टमधली हवा 12 ते 15 अंशांची. वरचं इन्सुलेशन फाटलं की पत्र्याला फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा घाम फुटतो. धूळ आणि ओल एकत्र आली की बुरशीची सोय झाली. (गंमत म्हणजे कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून परळच्या गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, मुद्दाम दमटपणा राखत. त्याच जमिनीवर आता आपण वीज जाळून हवेतलं पाणी पिळून काढतो.)

हे पिळलेलं पाणी डक्टमध्ये नाही, मशीनमधल्या थंड कॉइलवरून खालच्या ट्रेमध्ये पडतं. म्हणून मी म्हटलं, आधी बघू.

मशीन उतरल्यावर भाच्याने शिडीवर चढून डक्टच्या तोंडात टॉर्च मारला. आत करडा पातळ थर, पीओपीचा चुरा आणि कोणीतरी विसरलेली इन्सुलेशन टेपची गुंडाळी. सगळं खडखडीत. जुन्या ट्रेच्या तळाशी मात्र बोटभर बुळबुळीत गाळ होता, कारण ट्रेचा उतार ड्रेनच्या उलट बाजूला! आणखी एक गोष्ट दिसली. खोलीतली हवा मशीनकडे परत जायला डक्ट नव्हताच. ती फॉल्स सीलिंगच्या पोकळीतूनच ओढली जात होती, बारा वर्षांच्या धुळीवरून. डक्ट लखलखीत केला असता तरी ही धूळ होतीच.

डक्ट क्लीनिंग कोटेशनमधून कापलं. पोकळी व्हॅक्यूमने झाडून घेतली, जिथे फाटलं होतं तिथे नवं नायट्रिल रबराचं इन्सुलेशन गुंडाळलं, नव्या ट्रेचा उतार पाणी ओतून तपासला.

तुमच्याकडे डक्ट खरंच साफ करावा लागला, तर नवं मशीन चढण्याआधी करून घ्या. नाहीतर सुटलेली धूळ नव्या कॉइलच्या दीड-दोन मिलिमीटरच्या फटींत जाऊन बसेल. डक्टला आतून ग्लासवूलचं अस्तर असेल आणि ते भिजलं असेल, तर साफ करत बसू नका, बदला. आणि मशीन उतरवायच्या दिवशी घरी थांबा. डक्टचं तोंड तेवढा वेळच उघडं असतं. टॉर्च कोणाच्या हाती देऊ नका, स्वतः बघा.