रानगहू आणि माती

तुम्ही रोज गव्हाची रोटी खाता. या गव्हाचा एक पूर्वज आजही रानात आपोआप उगवतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्याला रानगहू म्हणतात. इस्रायल, सीरिया, तुर्कस्तान अशा देशांतील डोंगरउतारांवर तो वाढतो. १९०६ साली ॲरन ॲरनसोन या शास्त्रज्ञाला तो गॅलिलीच्या परिसरात आढळला. आपल्याकडचा खपली गहू याच रानगव्हाचा वंशज आहे.

गॅलिली सरोवराच्या उत्तरेस टबघा नावाचे ठिकाण आहे. तेथे दोन प्रकारच्या जमिनी अगदी शेजारी आहेत. एक चुनखडीपासून बनलेली लाल जमीन, तर दुसरी बेसॉल्ट खडकापासून बनलेली काळपट जमीन. महाराष्ट्रातील काळी जमीनही बेसॉल्टपासूनच बनली आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला असाल. टबघा येथे दोन्ही जमिनींवर ऊन-पाऊस सारखाच पडतो. परंतु लाल माती अधिक कोरडी असते. काळपट मातीत ओलावा जास्त राहतो.

हैफा विद्यापीठातील एव्हियातार नेवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही जमिनींवरील रानगहू तपासला. त्यांचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. काही पावलांच्या अंतरावरील रोपांच्या जनुकांत फरक होता. शिवाय लाल जमिनीवरील रोपांत विविधता अधिक होती.

असे का झाले असेल? कोरड्या जमिनीत पाण्याचा ताण सोसणारी रोपे टिकतात. त्यांचेच बी पुढे रुजते. ओलसर जमिनीत दुसरे गुण उपयोगी पडतात. गव्हाच्या फुलात बहुधा स्वपरागण होते, म्हणून शेजारच्या रोपांचे गुण एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. लाल जमिनीवरील परिस्थिती कठीण असल्यामुळे तेथे नाना प्रकारचे गुण टिकून राहतात, असे शास्त्रज्ञांना वाटते.

याचा आपल्याला काय उपयोग? पिवळा तांबेरा हा गव्हाचा घातक रोग आहे. त्याला रोखणारे एक जनुक शास्त्रज्ञांना रानगव्हातच सापडले. उद्या नवा रोग आला किंवा दुष्काळ पडला, तर असेच गुण पुन्हा शोधावे लागतील. पण रानगव्हाची ती जागाच नष्ट झाली, तर ते आणणार कोठून? म्हणून एकाच ठिकाणचे मूठभर बी साठवून भागत नाही. निरनिराळ्या मातींतील रानगहू जपला पाहिजे. त्यात उद्याची भाकरी दडलेली आहे.

स्वाध्याय
१. टबघा येथील दोन जमिनींत कोणता फरक आहे?
२. शेजारच्या रोपांचे गुण एकमेकांत का मिसळत नाहीत?
३. निरनिराळ्या मातींतील रानगहू का जपावा, ते तुमच्या शब्दांत लिहा.