एकट्याने पाहावे असे चौल

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो "बरोबर कोण आहे?" हा. कोणी नाही, एकटाच चाललो आहे, असे उत्तर दिले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी तरी उमटते किंवा संशय तरी. यात्रा संघाने करावी, वऱ्हाड मोटार भरून जावे, हे ठीकच आहे. परंतु एखादे प्राचीन शहर पाहावयाचे असेल, आणि तेही ज्याच्या खुणा जमिनीवर थोड्याच उरल्या आहेत असे शहर असेल, तर एकट्याने जावे आणि साध्या एस. टी.च्या गाडीने जावे, असे माझे मत आहे. हे मत निव्वळ हौशीचे नाही. त्याला कारणे आहेत, आणि ती चौलच्या उदाहरणाने चांगली स्पष्ट होतात.

चौल हे आज रायगड जिल्ह्यातील, अलिबाग तालुक्यातील एक गाव. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, तिच्या उत्तरेच्या काठावर चौल आणि रेवदंडा ही दोन गावे एकमेकांना लागून आहेत. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, देवळे, तळी. वरवर पाहणाऱ्याला कोकणातील इतर गावांहून यात काही निराळे दिसणार नाही. पण हेच गाव निदान दीड हजार वर्षे पश्चिम समुद्रावरील एक नामांकित बंदर होते. इ. स.च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नावाड्याच्या मार्गदर्शक पुस्तकात, ज्याला 'पेरिप्लस' म्हणतात त्यात, कल्याणच्या खाली 'सेमिल्ला' नावाची बाजारपेठ सांगितली आहे. दुसऱ्या शतकातला भूगोलवेत्ता टॉलेमी हिचाच उल्लेख 'सिमिल्ला' असा करतो. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत 'चेमुल' येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. अरब लेखक त्याला 'सैमूर' म्हणत. पोर्तुगिजांच्या दप्तरात ते 'शौल' झाले आणि आपल्या तोंडी चौल राहिले. एका गावाला इतक्या भाषांत नावे मिळाली यावरूनच तेथे किती देशांची माणसे उतरत होती, याची कल्पना यावी.

आता असे शहर पाहावयाचे कसे? हंपीला गेलेल्या माणसाला शहर शोधावे लागत नाही. ते त्याच्यापुढे उभेच असते. चौलचे तसे नाही. येथे शहर मातीखाली आहे, वाड्यांच्या कुंपणांत आहे, तळ्यांच्या काठी आहे आणि पुष्कळसे माणसांच्या बोलण्यात आहे. ते पाहावयाचे म्हणजे विचारावे लागते. दहा जणांची टोळी मोटारीतून उतरली म्हणजे ती आपसांतच बोलते. गावकऱ्याला तिच्याशी काही बोलावेसे वाटत नाही. एकटा माणूस गाडीतून उतरला की मात्र कोणीतरी हटकतेच : "कोणाकडे आलात?" या प्रश्नापासूनच खरे दर्शन सुरू होते. एकट्याला विचारल्यावाचून गत्यंतर नसते, आणि ज्याला विचारावे लागते त्यालाच कळते.

गाडीचेही तसेच आहे. महाराष्ट्रातील एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या रस्त्यावर धावली. तेव्हापासून या गाडीने खेड्यापाड्यांना शहरे जोडली, इतकेच आपण बहुधा म्हणतो. पण आणखी एक गोष्ट तिने केली : एकट्या माणसाला, आणि विशेषतः एकट्या स्त्रीला, थोड्या पैशांत आणि निर्धास्तपणे दूर जाण्याची सोय करून दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना विनामूल्य प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत सुरू झाली. जिला आयुष्यभर कोणाच्या तरी सोबतीनेच घराबाहेर पडावे लागले अशी एखादी आजी केवळ पाहण्यासाठी म्हणून एकटी निघाली, तर तो लहानसा प्रवास म्हणता येणार नाही.

मुंबईकराने लाँचने मांडव्याला उतरावे किंवा पेण-वडखळवरून यावे. पुण्याकडच्याने खोपोली-पेणमार्गे अलिबाग गाठावे. पावसाळ्यात लाँचची वाहतूक बंद असते, हे ध्यानात ठेवावे. अलिबागच्या स्थानकावर उतरताच पहिले काम एकच : परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते विचारून लिहून घेणे. एकट्याच्या प्रवासात हे एवढे सांभाळले की बाकीचा दिवस मोकळा.

अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. वाटेत अक्षी, नागाव, मग चौल. अक्षीलाच पहिला मुक्काम करावा, कारण तेथे मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक आहे. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील हा लेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा, असे अनेक तज्ज्ञ मानतात. काळाविषयी मतभेदही आहेत. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की ज्या भाषेत आपण कंडक्टरशी बोललो, तिचे बाळपणीचे बोल या रस्त्यालगतच्या दगडावर आहेत.

चौलला उतरल्यावर प्रथम पाणी पाहावे. समुद्राकाठच्या शहराला खाऱ्या पाण्याची वाण नसते. वाण असते गोड्या पाण्याची. जहाज महिना-दीड महिना समुद्रावर राहावयाचे तर त्यावर पाण्याची पिंपे भरून घ्यावी लागतात, आणि ज्या बंदरात गोडे पाणी मुबलक तेथे जहाजे आनंदाने थांबतात. चौलला ३६० देवळे आणि ३६० तळी होती असे लोक सांगतात. आकडा मोजून सांगितलेला नसेल, पण त्यातला अर्थ खरा आहे. रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करिणी पाहावी. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत, आणि अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडण्याची जुनी चाल आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. परंतु पाण्याची चिंता ज्या गावाने देवाच्या गाभाऱ्यापर्यंत नेली, त्या गावाचे पोट कशावर अवलंबून होते हे त्यातून कळते.

त्यानंतर टेकडी चढावी. एका बाजूला भोवाळ्याच्या दत्ताचे देऊळ आहे. दत्तजयंतीला तेथे मोठी यात्रा भरते. दुसरीकडे हिंगलाज देवीचे स्थान आहे आणि जवळच डोंगरात कोरलेली जुनी लहान लेणी आहेत. हिंगलाजचे मूळ पीठ आहे बलुचिस्तानात, मकरानच्या किनाऱ्याजवळ. ती देवी येथवर कोणी आणली? बैलगाडीची वाट तेथून नाही, समुद्राची आहे. बंदरात माल उतरतो तसे देवही उतरतात, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

टेकडीवरून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. येथे घटकाभर बसून जुन्या बाजाराचे चित्र मनाशी आणावे. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब लेखक येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचे राज्य होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इकडून येऊन स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहात होते, आणि त्यांचे आपसांतले तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच्या संमतीने तोडीत असे, असे तो लिहितो. पुढे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर शहराचा व्यापारी एक घोडा विकावयास घेऊन चौललाच उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. वास्को-द-गामा भारतात येण्यापूर्वीची ही गोष्ट. या निकितिनचे स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोसा याने केलेले वर्णन तर फार उद्बोधक आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे या गावात एरवी वस्ती थोडीच असे. हंगामाच्या तीन-चार महिन्यांत मात्र देशावरून व्यापारी बैलांचे तांडेच्या तांडे घेऊन येत, देवघेव करीत आणि हंगाम सरला की आपापल्या गावी परत जात. म्हणजे ज्याला आपण शहर म्हणतो ते बारमाही शहर नव्हते. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे भरणारा आणि मोडणारा तो बाजार होता. पावसाळी वाऱ्यात समुद्र बंद, घाट निसरडे. वारा फिरला की दोन्ही वाटा एकदम उघडत. चौलमध्ये मोठमोठे वाडे का उरले नाहीत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर रेवदंड्यात मिळते. १५०८ साली या खाडीत पोर्तुगीज आरमाराची इजिप्तच्या आणि गुजरातच्या संयुक्त आरमाराशी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो तीत पडला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधण्यास परवानगी दिली. तेव्हापासून वरचे चौल निजामशाहीचे आणि खालचे, म्हणजे आजचे रेवदंडा, पोर्तुगिजांचे, असे एका शहराचे दोन भाग झाले. १५७० मध्ये मूर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. एका बंदराचे दोन धनी झाले की व्यापारी तिसरे बंदर शोधतो. निजामशाही १६३६ मध्ये संपली. व्यापार सुरतेकडे आणि पुढे मुंबईकडे वळला. खाडीत गाळ साचत होता, आणि मोठ्या जहाजांना मुंबईचे खोल पाणी सोईचे होते. मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर १७४० मध्ये तहाने रेवदंडाही त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यात किल्ला होता. बंदराचा प्राण निघून गेला होता. आज तटाच्या आत नारळीच्या बागा आहेत, आणि सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा सातांपैकी चार मजले सांभाळून उभा आहे.

येथून मुरूडच्या गाडीत बसावे. साळावचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर कोर्लई लागते. समोरच्या डोंगरावरचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये घेतला. पण किल्ल्याहूनही मोलाची वस्तू खाली गावात आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येते. येथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घरोघर बोलतात. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपली : क्रियापद शेवटी. १७४० नंतर पोर्तुगिजांशी संबंध तुटला, तरी ही बोली जगली. बोलणारे आज हजाराच्या आसपासच असतील. मातीखालच्या चेमुलाहून हे शहर अधिक जिवंत आहे आणि अधिक नाजूकही.

आता या प्रवासाचा खरा मुद्दा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीस चौलमध्ये उत्खनन केले आणि सातवाहन काळातील वस्तीचे पुरावे त्यांना मिळाले. पण त्यांनी खणली ती जमीन थोडी. बाकीचे शहर लोकांच्या खाजगी वाड्यांखाली आहे. अलिबागचा किनारा मुंबईकरांच्या सुट्टीचे ठिकाण झाला आहे. वाड्या विकल्या जात आहेत, बंगल्यांचे पाये खणले जात आहेत. वाडीवाल्याने काय करावे? सुपारीचे उत्पन्न बेभरवशाचे, आणि जमिनीला आलेला भाव त्याने कधी स्वप्नातही पाहिला नव्हता. त्याला दोष देऊन आपण शहाणे ठरत नाही. पण प्रत्येक पाया खणताना त्या जुन्या वहीचे एक पान फाटते, आणि ते कोणी वाचलेले नसते, हेही तितकेच खरे. चौल एकदा गाळाने बुडाले. दुसऱ्यांदा ते आपल्या अज्ञानाने बुडू नये.

एकट्या प्रवाशाच्या हाती यात फार नाही, पण अगदी काहीच नाही असेही नाही. वाटेत सापडलेले खापर खिशात घालू नये. ते ज्या जागी पडले आहे त्या जागेमुळेच त्याला अर्थ आहे. कोणाला पुरलेली नाणी सापडली असे कानांवर आले, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यास कळवावी लागतात, हे त्याला समजावून सांगावे. वृद्ध माणसे तळ्यांची, पाखाड्यांची, बुजलेल्या विहिरींची जी नावे सांगतात ती, कोणी सांगितली त्यासह, वहीत टिपून ठेवावी. अशी नावे कोणत्याही उत्खननात सापडत नाहीत. ती सांगणारा गेला की तीही जातात.

साधी वही, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी आणि परतीच्या गाडीची वेळ : एवढे सामान पुरे. थंडीच्या दिवसांत जावे. जुन्या व्यापाऱ्यांचा हंगामही तोच होता.